शेगडी, गॅस गीझर आणि अलार्म : बंद घरातल्या कार्बन मोनॉक्साइडपासून कसे जपावे

ग्वाल्हेरची थंडी ज्यांनी काढली आहे त्यांना जानेवारीतल्या पहाटेचे वर्णन करून सांगावे लागत नाही. पारा चार-पाच अंशांपर्यंत उतरतो, धुके दुपारपर्यंत हटत नाही आणि लष्कर भागातल्या जुन्या वाड्यांच्या दगडी भिंती दिवसभर गारठा सोडत राहतात. अशाच एका जानेवारीत माझ्या वहिनीचे दुसरे बाळंतपण आमच्या घरी झाले. बाळंतिणीसाठी आतली, वारा न लागणारी खोली निवडली होती. खिडकीच्या फटींत जुन्या लुगड्याच्या चिंध्या कोंबल्या होत्या, दाराला जाड पडदा होता आणि बाजेखाली लाकडी कोळशाची शेगडी होती. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून वहिनीचे डोके दुखू लागले आणि रात्री तिच्या सोबतीला झोपणाऱ्या आईलाही सकाळी मळमळ होऊ लागली. आईने पित्त म्हणून आमसुलाचे सार घेतले, वहिनीची दृष्ट काढली. दुपारी चौकात उन्हाला बसल्या की दोघींनाही बरे वाटे आणि रात्री पुन्हा तेच सुरू होई, पण या गोष्टीकडे कोणाचे लक्ष गेले नाही. एका पहाटे आई उठली आणि दार उघडून उंबऱ्यातच कोसळली. ते दार उघडे राहिले, चौकातला वारा आत गेला, म्हणून त्या रात्री तिघेही वाचले. तपासायला आलेल्या डॉक्टरांनी नाडी बघण्याआधी शेगडी बाहेर न्यायला सांगितली.

त्या खोलीत धूर मुळीच नव्हता. कोळसे चौकात चांगले फुलवून, धूर पूर्ण निघून गेल्यावरच शेगडी आत आणली जात असे आणि तेवढी काळजी घेतली की पुरे, अशी घरातल्या सर्वांची प्रामाणिक समजूत होती. पुढचे सगळे लिखाण या समजुतीसाठीच आहे, कारण आजही ती अनेक घरांत तशीच आहे आणि आता तिच्या जोडीला आणखी एक समजूत आली आहे, ती म्हणजे छताला स्मोक अलार्म लावला की सगळे झाले.

धूर गेला तरी विष का उरते

लाकूड, कोळसा किंवा गॅस पुरेशा हवेत जळला तर त्यातल्या कार्बनचा कार्बन डायऑक्साइड होतो. हवा कमी पडली तर ज्वलन अर्धवट राहते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. फुललेल्या निखाऱ्यांच्या थरात खालून तयार झालेला कार्बन डायऑक्साइड वर येताना पुन्हा तापलेल्या कार्बनमधून जातो आणि तिथेही त्याचा मोनॉक्साइड होतो. हे डोळ्यांनी पाहता येते. भरलेली शेगडी अंधारात नीट पाहिली तर लाल निखाऱ्यांवर बोटभर उंचीच्या, पातळ निळ्या ज्योती इकडून तिकडे सरकताना दिसतात. तो जळणारा कार्बन मोनॉक्साइडच असतो. या ज्योती विझतात आणि निखाऱ्यांवर राखेची साय धरते, तेव्हा वायू तयार होणे थांबलेले नसते, फक्त त्याचे वरच्या वर जळून जाणे थांबलेले असते आणि तो तसाच खोलीत पसरू लागतो. आपण मात्र नेमक्या याच वेळी ‘आता छान निखारे झाले’ म्हणून शेगडी आत घेतो आणि दार लावतो.

या वायूला रंग नाही, वास नाही, चव नाही आणि तो डोळ्यांना किंवा घशाला झोंबतही नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे ते अडीचशे पट घट्ट चिकटतो, म्हणून हवेत त्याचे प्रमाण अगदी थोडे असले तरी तासागणिक रक्तातली ऑक्सिजनची जागा तो अडवत जातो. मोकळ्या हवेत आल्यावरही रक्तातला निम्मा वायू बाहेर पडायला साधारण चार ते पाच तास लागतात. आधी डोके जड होते, मग मळमळ, गरगरणे, पायांतली शक्ती जाणे आणि विचार न सुचणे अशी लक्षणे येतात; झोपलेल्या माणसाला यातले काहीच कळत नाही आणि जाग्या माणसाचाही निर्णय आधी बिघडतो, त्यामुळे दार चार पावलांवर असूनही उठावेसे वाटत नाही. ब्रिटनच्या कोळशाच्या खाणींत हा वायू ओळखण्यासाठी १९८६ पर्यंत पिंजऱ्यात कॅनरी पक्षी नेत असत आणि त्यानंतर त्यांची जागा इलेक्ट्रॉनिक उपकरणांनी घेतली. ज्यांचे सारे आयुष्य या धोक्याशेजारी गेले त्या खाणकामगारांनाही स्वतःच्या नाकावर भरवसा ठेवता येत नव्हता, हे इथे ध्यानात घ्यावे.

आपल्याकडे थंडीत खोलीच्या कोपऱ्यात पाण्याने भरलेले पातेले ठेवून शेगडी किंवा ‘तसला’ (निखारे ठेवायचे घमेले) पेटवण्याची पद्धत आहे. पाण्यामुळे हवेचा कोरडेपणा थोडा कमी होतो, एवढाच त्याचा उपयोग आहे. कार्बन मोनॉक्साइड पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे पातेले ठेवल्याने किंवा ओले फडके लटकवल्याने विषबाधेपासून काडीचेही संरक्षण मिळत नाही.

एकाच छताखालच्या दोन-तीन माणसांचे डोके एकाच वेळी दुखत असेल, घराबाहेर गेल्यावर ते थांबत असेल आणि परत आल्यावर पुन्हा सुरू होत असेल, तर पित्त, सर्दी किंवा जागरण यांच्या आधी या वायूची शंका घ्यावी. घरात ताप नसताना सर्वांनाच ‘फ्लूसारखे’ वाटणे ही दुसरी खूण आहे.

शेगडीबाबत काय करावे

माझे मत स्पष्ट आहे : झोपायच्या खोलीत शेगडी, तसला किंवा कोळशाची कोणतीही आग ठेवू नये, खिडकी फटभर उघडी ठेवूनही ठेवू नये. किती फट पुरेल हे वाऱ्याच्या दिशेवर, कोळशाच्या ओलाव्यावर आणि खोलीच्या आकारावर अवलंबून असते आणि रात्री दोन वाजता थंडी वाजू लागली की ती फट कोणीतरी बंद करतेच. जुन्या वाड्यांत शेगडी चालून जात असे, कारण वर मंगलोरी कौले होती, स्वयंपाकघराला धुराडे होते, दारांच्या फळ्यांमधून बोट जाईल एवढ्या फटी होत्या आणि मधला चौक उघडा होता. आता त्याच वाड्यांत वर स्लॅब पडला आहे, चौकावर फायबरचे पत्रे आले आहेत आणि खिडक्यांना सरकत्या काचा बसल्या आहेत. शेगडी आजीच्या काळचीच आहे, पण घर मात्र तेव्हाचे राहिलेले नाही.

बाळंतिणीच्या खोलीविषयी थोडे अधिक लिहायला हवे, कारण तिथे ममतेपोटीच सर्वांत मोठी चूक होते. पोटातल्या बाळाचे हिमोग्लोबिन हा वायू आईच्या हिमोग्लोबिनपेक्षाही घट्ट धरून ठेवते आणि नवजात बाळ मोठ्यांपेक्षा जलद श्वास घेते. म्हणून गरोदर स्त्री आणि तान्हे बाळ जिथे असेल तिथे कोळसा येऊच देऊ नये. शेक हवाच असेल तर गरम पाण्याची रबरी पिशवी फडक्यात गुंडाळून द्यावी किंवा स्वयंपाकघरात तव्यावर तापवलेले सुती फडके हाताला सोसवेल एवढे निववून वापरावे. खोली उबदार ठेवायला तेल भरलेला विजेचा हीटर चांगला. तो १६ अँपियरच्या स्वतंत्र सॉकेटवर लावावा, एक्स्टेन्शन बोर्डावर लावू नये, आणि रजई, पडदा किंवा दुपटे त्याच्यापासून किमान एक मीटर दूर ठेवावे. ओवा, बाळंतशेपा आणि वावडिंगाची धुरी दिलीच पाहिजे असा घरातल्या मोठ्यांचा आग्रह असेल, तर ती बाळाला न देता चौकात किंवा गच्चीवर नेऊन बाळाच्या कपड्यांना द्यावी आणि कपडे झटकून आत आणावेत. एवढी तडजोड माझ्या आईनेही पुढच्या नातवंडाच्या वेळी मानली.

संक्रांतीच्या आधी काटेरी हलवा करणाऱ्या बायका तासन् तास शेगडीपुढे बसतात. एका हाताने परातीतले तीळ हलवत राहायचे, चमच्याने पाक सोडत राहायचे आणि शेगडीवर मान वाकवूनच बसायचे, असे ते काम असते. मंद आचेसाठी कोळशावर राख पसरलेली असते आणि वारा लागून आच वाढू नये म्हणून दारे लावलेली असतात. हे काम गच्चीवर, पडवीत किंवा समोरासमोरची दोन दारे उघडी असलेल्या जागीच करावे. वारा अडवायचाच असेल तर शेगडीच्या एका बाजूला पत्रा उभा करावा, पण खोली बंद करू नये. डोके जड वाटू लागले तर ते उष्णतेने झाले असे समजून पुढे रेटू नये.

निखारे विझायला वाटते त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. वरून राखाडी दिसणारी शेगडी आत पाच-सहा तासही धगधगत असू शकते. रात्री ती घराबाहेर, पत्र्याच्या शेडखाली न ठेवता मोकळ्या आकाशाखाली ठेवावी, आणि लवकर विझवायची असेल तर तिथेच कोळशांवर हळूहळू पाणी ओतून ते ढवळावेत; माती किंवा वाळूत पुरलेले निखारे आत बराच वेळ धगधगत राहतात.

गॅस गीझर

शेगडीपेक्षा आज जास्त घरांत असलेली वस्तू म्हणजे न्हाणीघरातला गॅस गीझर. मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा साधा गीझर तासाला साधारण एक किलोच्या आत-बाहेर एलपीजी जाळतो, आणि एक किलो एलपीजी पुरता जळायला साधारण १२ ते १३ घनमीटर हवा लागते. आता पाच फूट लांब, चार फूट रुंद आणि आठ फूट उंच न्हाणीघर घेतले, तर त्यात जेमतेम साडेचार घनमीटर हवा असते. दहा मिनिटांच्या अंघोळीत गीझर त्यातली दोन घनमीटर, म्हणजे जवळजवळ निम्मी हवा वापरतो. दार-खिडकी बंद असेल तर पाचव्या-सहाव्या मिनिटापासून ज्वलन अर्धवट होऊ लागते, मोनॉक्साइड वाढतो, आणि पाठोपाठ दोघे-तिघे अंघोळीला गेले तर शेवटच्याच्या वाट्याला सर्वांत वाईट हवा येते. कित्येक घरांत हा शेवटचा माणूस म्हणजे घरातली सून किंवा आई असते.

म्हणून गीझर न्हाणीघरात लावूच नये. तो बाहेरच्या भिंतीवर, गॅलरीत किंवा मोकळ्या पडवीत लावावा आणि फक्त गरम पाण्याचा पाइप आत आणावा. प्लंबरला हे काम अर्ध्या दिवसाचे आहे. गॅलरीला काचा लावून ती बंद केलेली असेल तर तीही खोलीच समजावी. आधीच आत बसवलेला गीझर लगेच हलवता येत नसेल, तर तोपर्यंत दार उघडे ठेवून बादल्या भरून घ्याव्यात, गीझर बंद करावा, पाच मिनिटे हवा खेळू द्यावी आणि मगच अंघोळीला जावे. एक्झॉस्ट पंखा लावला की प्रश्न सुटला असे कोणी मानू नये. बंद दाराच्या न्हाणीघरात पंख्याला खेचायला बाहेरची हवा मिळाली नाही, तर तो गीझरच्या धुरांड्यातून बाहेर चाललेला वायूही परत आत ओढू शकतो. हवा आत येण्यासाठी दाराच्या तळाशी जाळी आणि बाहेर जाण्यासाठी वरच्या बाजूला कायम उघडा झरोका, अशा दोन्ही वाटा हव्यात.

ज्योत निळी आणि एकसारखी असावी. ती पिवळी झाली, फडफडू लागली किंवा गीझरच्या वरच्या पत्र्यावर काजळी दिसली, तर त्या दिवसापासून गीझर बंद ठेवून जाणकार मेकॅनिककडून बर्नर आणि आतल्या तांब्याच्या पट्ट्या साफ करून घ्याव्यात. तसे काही दिसले नाही तरी दरवर्षी दिवाळीच्या सुमारास, थंडी सुरू होण्याआधी, हे काम करून घ्यावे. न्हाणीघराची कडी बाहेरूनही उघडता येईल अशी असावी, आणि लहान मुले किंवा वृद्ध आत असताना बाहेरून मधूनमधून हाक मारण्याची सवय घरात असावी.

कोणता अलार्म काय ओळखतो

दुकानात मिळणारी पांढरी, गोल उपकरणे दिसायला सारखी असली तरी त्यांची कामे वेगळी असतात. स्मोक अलार्म धुराचे कण ओळखतो. त्याच्या आतल्या छोट्या कप्प्यात प्रकाशाची एक तिरीप असते, कण आत शिरले की ती विखुरते आणि भोंगा वाजतो. निखाऱ्यांतून निघणाऱ्या मोनॉक्साइडमध्ये कणच नसतात, म्हणून स्मोक अलार्म त्याच्या खालीच खोलीत माणसे बेशुद्ध पडली तरी गप्प राहील. गॅस गळतीचा अलार्म न जळलेला इंधन-वायू ओळखतो. सिलिंडरचा एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने हा अलार्म जमिनीपासून वीतभर उंचीवर लावावा लागतो आणि पाइपने येणारा नैसर्गिक वायू हलका असल्याने त्याचा अलार्म छताजवळ लावावा लागतो. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म तिसरा. हा वायू हवेपेक्षा अगदी किंचित हलका आहे आणि उबदार हवेत सगळीकडे मिसळतो. म्हणून झोपायच्या खोलीत हा अलार्म आपण जिथे श्वास घेतो त्या उंचीवर, म्हणजे उशीच्या पातळीपासून उभ्या माणसाच्या डोक्याच्या पातळीपर्यंत कुठेही चालतो. ज्या खोलीत गीझर किंवा इंधन जाळणारे उपकरण आहे तिथे तो त्यापासून एक ते तीन मीटर अंतरावर असावा. पडद्यामागे, कपाटाच्या आत किंवा खिडकीच्या अगदी शेजारी तो लावू नये.

घेताना खोक्यावर ईएन ५०२९१ किंवा यूएल २०३४ यांपैकी एका मानकाचा उल्लेख आणि ‘इलेक्ट्रोकेमिकल सेन्सर’ असे शब्द आहेत की नाहीत ते पाहावे. स्वस्त उपकरणांतले काही सेन्सर उदबत्ती, अत्तर आणि सॅनिटायझर यांनाही मोनॉक्साइड समजतात, त्यामुळे ते वारंवार विनाकारण वाजतात आणि शेवटी घरचे त्यांचा सेल काढून ठेवतात. आकडा दाखवणारा पडदा असलेला अलार्म घ्यावा, कारण भोंगा वाजण्याआधीची हळूहळू होणारी वाढ त्यावर दिसते. हा आकडा पीपीएममध्ये, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत किती भाग, असा असतो.

अलार्म लगेच वाजला नाही म्हणजे तो बिघडला असे नाही. रक्तात वायू साठायला वेळ लागतो, त्या हिशेबानेच तो बनवलेला असतो. ईएन मानकाचा अलार्म ५० पीपीएमला ६० ते ९० मिनिटांत, १०० पीपीएमला १० ते ४० मिनिटांत आणि ३०० पीपीएमला ३ मिनिटांच्या आत वाजायला हवा. २०० पीपीएममध्ये दोन-तीन तासांत डोके दुखू लागते आणि १६०० पीपीएममध्ये वीस मिनिटांत लक्षणे सुरू होऊन दोन तासांच्या आत जीव जाऊ शकतो. यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते : पडद्यावर ३० किंवा ४० असा आकडा तासन् तास दिसत असेल आणि भोंगा शांत असेल, तरी तेवढ्यावर निर्धास्त न होता हा वायू कुठून येतो ते शोधावे. बंद घराचा आकडा शून्यच असायला हवा.

आपल्याकडच्या घरांतली एक अडचण परदेशी माहितीपुस्तिकांत क्वचितच सापडते. इन्व्हर्टरची लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते आणि मोनॉक्साइडचा इलेक्ट्रोकेमिकल सेन्सर हायड्रोजनलाही प्रतिसाद देतो. वीज जाऊन आल्यानंतर, कोणतीही आग पेटलेली नसताना अलार्म वाजत असेल, तर जिन्याखाली किंवा कपाटात कोंडलेल्या बॅटरीकडे पाहावे. मात्र हा निष्कर्ष घराबाहेर उभे राहून, सर्व माणसे सुरक्षित झाल्यावर काढावा, आणि बॅटरी मोकळ्या जागी हलवावी, कारण कोंडलेला हायड्रोजन स्वतःही स्फोटक असतो. जनरेटर असेल तर तो बाहेर, सर्व दारा-खिडक्यांपासून दूर चालवावा. जिन्याखाली किंवा पडवीत चालवलेल्या जनरेटरचा वायू वरच्या मजल्यापर्यंत पोचतो.

स्मोक अलार्मच्या नेहमीच्या तक्रारी

स्मोक अलार्म मोनॉक्साइड ओळखत नाही म्हणून तो निरुपयोगी ठरत नाही. हीटरवर पडलेली रजई, जुनी वायरिंग आणि उशाशी चार्जिंगला लावलेला मोबाइल या कारणांनी लागणाऱ्या आगीत तोच आधी जागे करतो. पण तो चालू स्थितीत राहिला पाहिजे, आणि बहुतेक घरांत तो एखाद्या फोडणीनंतर बंद केला जातो.

मोहरी-हिंगाची फोडणी, पुरणपोळीच्या तव्यावर जळलेले पीठ, मिरचीचा ठसका आणि अंघोळीची वाफ या सर्वांनी तो वाजतो. यावरचा उपाय जागा बदलण्याचा आहे. अलार्म चुलीपासून किमान तीन मीटर दूर, न्हाणीघराच्या दारासमोर येणार नाही असा, झोपायच्या खोल्यांच्या वाटेवर छताच्या मध्याजवळ लावावा. भिंत आणि छत मिळतात त्या कोपऱ्यात हवा साचून राहते, म्हणून तिथून निदान दहा सेंटीमीटर सोडावेत. होम-हवन किंवा सत्यनारायणाच्या दिवशी सेल काढण्यापेक्षा त्यावरचे आवाज थांबवण्याचे बटण वापरावे. ते काही मिनिटांनी आपोआप पूर्ववत होते, काढलेला सेल मात्र देवघराच्या फडताळात पुढच्या वर्षापर्यंत पडून राहतो.

दर अर्ध्या-एक मिनिटाला येणारा एकच बारीक ‘टिक्’ किंवा ‘चिक्’ आवाज आगीचा नसतो. तो सेल संपत आल्याचा असतो आणि आपल्याकडे तो जानेवारीत पहाटे तीन-चार वाजताच सुरू होतो, कारण गारठ्यात सेलचा दाब आणखी उतरतो. दुपारी ऊन आले की आवाज थांबतो आणि घरचे विसरून जातात. तो आवाज एकदा ऐकला की त्याच दिवशी सेल बदलावा. नवा सेल घालूनही चिकचिक चालू राहिली, तर आधी सेलची टोके आणि झाकण नीट बसले आहे का ते पाहावे, चाचणीचे बटण काही सेकंद दाबून धरावे, आणि तरीही थांबले नाही तर उपकरणाच्या मागच्या बाजूची तारीख वाचावी. स्मोक अलार्म बनवल्यापासून दहा वर्षांनी बदलायचा असतो. मोनॉक्साइडच्या अलार्मचा सेन्सर त्यावर लिहिल्याप्रमाणे पाच ते दहा वर्षे टिकतो. चाचणीचे बटण दाबल्यावर भोंगा, सेल आणि आतली जोडणी तपासली जाते, पण सेन्सर अजून वायू ओळखतो की नाही हे त्यातून कळत नाही. म्हणून महिन्यातून एकदा बटण दाबूनही तारीख पाळावीच लागते. बसवतानाच मागच्या बाजूला पक्क्या शाईच्या पेनाने बदलण्याचे वर्ष ठळक लिहून ठेवावे.

आपल्या शहरात धूळ फार. उन्हाळ्यातल्या लू आणि आंधीनंतर अलार्मच्या जाळीत बारीक माती बसते, पावसाळ्यात चिलटे आणि कोळी शिरतात, आणि दोन्हींमुळे तो रात्री-अपरात्री खोटा वाजतो. व्हॅक्यूम क्लीनरच्या मऊ ब्रशने किंवा कोरड्या रंगाच्या ब्रशने वर्षातून दोनदा जाळी साफ करावी. पाणी, फिनेल किंवा कोणताही फवारा त्यावर मारू नये. दिवाळीच्या रंगकामाआधी तो खाली उतरवून डब्यात ठेवावा आणि काम संपल्याच्या दिवशीच परत लावावा. रंगवलेला अलार्म पुन्हा कामाचा राहत नाही.

अलार्म वाजला तर

मोनॉक्साइडचा अलार्म बहुधा चार भोंगे, थोडी विश्रांती, पुन्हा चार भोंगे असा वाजतो आणि स्मोक अलार्म तीन भोंग्यांचा गट करून वाजतो. हा फरक बसवतानाच बटण दाबून घरातल्या सर्वांना, मुलांना आणि कामाला येणाऱ्या बाईंनाही ऐकवावा.

मोनॉक्साइडचा भोंगा वाजताच त्याला गप्प करण्यात वेळ न घालवता सर्वांना जागे करून बाहेर काढावे. वाटेत असलेल्या दारे-खिडक्या उघडाव्यात आणि गीझर किंवा शेगडी हाताशी असेल तरच बंद करावी, तिच्यासाठी आतल्या खोलीत जाऊ नये. गॅसचा वासही येत असेल तर विजेचे कोणतेही बटण चालू-बंद करू नये आणि बाहेर आल्यावर एलपीजी गळतीच्या १९०६ या क्रमांकावर कळवावे. अंगणात माणसे मोजावीत. कोणाला डोकेदुखी, उलटी, गुंगी किंवा धाप असेल तर १०८ किंवा ११२ वर फोन करून ‘कार्बन मोनॉक्साइडची शंका आहे’ हे शब्द स्पष्ट सांगावेत. न्हाणीघरातून उत्तर येत नसेल तर दार तोडून आधी माणसाला बाहेर मोकळ्या हवेत ओढावे आणि बाकी सगळे नंतर पाहावे. आत जाणाऱ्याने खोल श्वास बाहेरच घेऊन आत तो रोखावा आणि जमल्यास दुसऱ्याला दाराशी उभे करावे. श्वास चालत नसेल तर रुग्णवाहिका येईपर्यंत छाती दाबणे सुरू ठेवावे.

करोनानंतर घरोघरी आलेला बोटावर लावायचा ऑक्सिमीटर इथे फसवतो. मोनॉक्साइडने अडवलेले हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनने भरलेल्या हिमोग्लोबिनसारखेच दिसते, म्हणून माणूस बेशुद्धीच्या उंबरठ्यावर असतानाही पडद्यावर ९८ दिसू शकते. तो आकडा पाहून कोणी घरीच थांबू नये. चेहरा लालबुंद होण्याची वाटही पाहू नये, ते लक्षण उशिरा आणि क्वचितच दिसते. रुग्णालयाच्या अपघात विभागात शेगडी किंवा गीझरचा उल्लेख आपण होऊन करावा आणि रक्तातले कार्बॉक्सीहिमोग्लोबिन, म्हणजे मोनॉक्साइडने अडवलेले हिमोग्लोबिन, तपासावे लागेल का असे विचारावे. तिथे घट्ट मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला की रक्तातला निम्मा वायू चार-पाच तासांऐवजी साधारण तास-दीड तासात निघतो. म्हणूनच घरी लिंबू सरबत किंवा कांदा हुंगवण्यात गेलेला अर्धा तास महाग पडतो. गरोदर स्त्रीला स्वतःला बरे वाटत असले तरी तपासणीला न्यावेच, कारण बाळाच्या रक्तातला वायू तिच्यापेक्षा उशिरा उतरतो.

घरी परतल्यावरही काम संपलेले नसते. ज्या गीझरमुळे किंवा शेगडीमुळे हे झाले ती कारणासकट दुरुस्त होईपर्यंत पुन्हा पेटवू नये. आणि पुढचे पाच-सहा आठवडे त्या माणसावर लक्ष ठेवावे, कारण काही जणांना मधले दिवस अगदी चांगले गेल्यावर विसराळूपणा, चिडचिड, चालताना तोल जाणे किंवा नेहमीच्या कामात गोंधळ अशी लक्षणे उशिरा सुरू होतात. माझ्या आईला तिसऱ्या आठवड्यात रोजच्या आरतीचे शब्द मधेच आठवेनासे झाले. ते वयामुळे होत असेल असे समजून आम्ही महिनाभर थांबलो. तेव्हाच डॉक्टरांकडे परत न्यायला हवे होते.